मध्यम शहरात बिऱ्हाड हलवायचं का? निर्णयाआधी नेमकं काय तपासावं?

दोनमनी (प्रश्न)

मोठ्या शहरातून साधारण ४ लाख वस्तीच्या शहरात बिऱ्हाड हलवायचा विचार चालू आहे. घरात चार माणसं: कमावते दोघं, ९ वर्षांची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेले वडील. त्यांची एकदा अँजिओप्लास्टी झाली आहे. एकाला तिथल्या कंपनीकडून लेखी नोकरी आली आहे, यंत्रांच्या देखभालीतली, वरच्या हुद्द्याची. दुसऱ्याचं काम घरून चालेल असं सध्याची कंपनी तोंडी म्हणते.

दोघांचं मिळून हातात येणारं उत्पन्न १८ टक्क्यांनी कमी होईल. तशाच घराचं भाडं मात्र जवळजवळ ४० टक्क्यांनी कमी आहे. सध्या भाड्यावर उत्पन्नाचे ३० टक्के जातात. होकार-नकार कळवायला सहा आठवडे आहेत.

विचारायचं हे, की भाड्यातल्या बचतीवर विसंबावं का? शहर मानवेल की नाही हे इतक्या कमी वेळात कसं तपासायचं? आणि तिथे घरं आवाक्यात दिसतात, तर सरळ विकतच घ्यावं का? "छान शहर आहे, जा" किंवा "नका जाऊ" याचा उपयोग नाही. तपासायची रीत सांगितलीत तर फार बरं होईल.

---

हिशेबवही

आधी दोन्ही टक्के एका पायावर आणा. १८ टक्के उत्पन्नाचे आहेत आणि ४० टक्के भाड्याचे. शेजारी ठेवले की ४० मोठे वाटतात, गफलत तिथेच होते.

आज हातात येणारी रक्कम १०० धरा. भाडं ३०, त्याचे ४० टक्के म्हणजे १२ वाचले. उत्पन्न उरलं ८२. खड्डा १८ चा, भाड्याने भरला १२ चा, ६ अजून उघडे. ते कशातून भरणार हा खरा प्रश्न आहे.

त्यासाठी गेल्या १२ महिन्यांचं बँकेचं स्टेटमेंट काढा. एका महिन्याचं पुरत नाही, कारण विमा, शाळेची फी, वाहनाची मोठी दुरुस्ती हे वर्षातून एकदाच येतं. प्रत्येक ओळीपुढे एक अक्षर लिहा. 'ज' म्हणजे जागेशी किंवा स्थानिक श्रमाशी बांधलेला खर्च: भाडं, दुरुस्ती, शिकवणी, मुलांना सांभाळणं. 'स' म्हणजे सगळीकडे सारखा: औषधं, इंधन, विमा, कर्जाचे हप्ते, फोन, इलेक्ट्रॉनिक वस्तू, कपडे. मध्यम शहरात फक्त 'ज' स्वस्त होतं, 'स' जागचं हलत नाही. बहुतेक घरांत भाडं वगळलं की 'ज' अपेक्षेपेक्षा बारीक निघतं. तुमच्याकडे ते १५ निघालं आणि तिथे २० टक्के स्वस्त मिळालं, तर वाचले ३. अजून ३ उघडेच.

मग तिसरं अक्षर, 'न': आज नसलेला, तिथे गेल्यावर लागणारा खर्च. यात हमखास विसरले जातात दोन. पहिला, दुसरं वाहन. मध्यम शहरात बस अर्ध्या तासाने असते आणि संध्याकाळी लवकर बंद होते, म्हणून दोन दिशांना जाणाऱ्या दोन माणसांना एका वाहनात भागत नाही. दुसरा, मागे येण्याच्या फेऱ्या. लग्नकार्य, आजारपण, कागदपत्रं, वडिलांच्या जुन्या डॉक्टरांची भेट असं करत वर्षाला किती फेऱ्या आणि प्रत्येक फेरीला किती माणसं, ते खरंखुरं मोजा.

हलण्याचा एकरकमी खर्च वेगळा काढा: सामानाची वाहतूक, दोन्हीकडच्या अनामती, महिनाभराचं दुहेरी भाडं, नवे पडदे-कपाटं-जोडण्या. त्याला महिन्याच्या निव्वळ बचतीने भागा. एकरकमी खर्च ६० आणि महिन्याला ५ वाचत असतील तर १२ महिन्यांत फिटतो. २ वाचत असतील तर ३० महिने. १८ महिन्यांच्या वर गेलं तर पैशासाठी जातोय असं म्हणू नये. जायचं कारण दुसरं असू शकतं, पण मग ते कारण नाव घेऊन कागदावर लिहा.

आणखी एक गोष्ट जी पहिल्या वर्षी दिसतच नाही, ती म्हणजे पगारवाढ. इथे १०० वर ८ टक्के वाढ मिळत असेल आणि तिथे ८२ वर ६ टक्के, तर ५ वर्षांनी इथले १४७ होतात, तिथले ११०. आज १८ चं असलेलं अंतर ३७ होतं. पगाराच्या टक्क्यांवर चालणारी निवृत्तीची पुंजीही त्याच पटीत मागे राहते. म्हणून नव्या कंपनीशी बोलताना आकड्याइतकंच वाढीचं सूत्र विचारा: कधी, कशावर, गेल्या तीन वर्षांत या हुद्द्याला प्रत्यक्षात किती मिळाली.

---

दुसरीनोकरी

हिशेब चोख आहे, पण मध्यम शहराचा खरा धोका त्यात येत नाही. मिळालेली नोकरी बरी आहे का हे सगळेच बघतात. ती सुटली तर त्याच शहरात दुसरी मिळेल का, हे फार थोडे बघतात. मोठ्या शहरात नोकरी गेली तर माणूस कंपनी बदलतो. मध्यम शहरात गेली तर शहर बदलावं लागतं: पुन्हा शाळा, पुन्हा सामान, पुन्हा अनामत. अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्येच लिहून ठेवलंय की एका धंद्याची मालक मंडळी आणि कारागीर एका ठिकाणी दाट असले की दोघांनाही आधार होतो. विरळ असले की दोघंही अडकतात.

मोजायचं असं. तुमच्या कामाच्या, तुमच्याच हुद्द्याच्या त्या शहरातल्या गेल्या १२ आठवड्यांच्या जाहिराती गोळा करा. जाहिराती मोजू नका, मालक मोजा. एकच जागा तीन भरती-एजन्सी फिरवतात, तेव्हा २० जाहिरातींमागे अनेकदा पाच-सहाच कंपन्या निघतात. आता प्रत्येक मालकापुढे त्याचं मोठं गिऱ्हाईक कोण ते लिहा. पाच मालक आहेत, पण त्यातले चार एकाच मोठ्या कारखान्याला सुटे भाग पुरवतात, तर ते पाच नाहीत, दोन आहेत. कारखान्याने उत्पादन आवरलं की चौघेही एकाच महिन्यात भरती थांबवतात.

माझा दंडक असा: वेगवेगळ्या गिऱ्हाइकांवर चालणारे किमान पाच मालक हवेत. तीन असतील तर हाताशी ९ ते १२ महिन्यांचा घरखर्च ठेवून जावं. एक-दोनच असतील तर ते शहर म्हणजे ती नोकरी, हे मान्य करून निर्णय घ्यावा.

यंत्रदेखभाल हे या बाबतीत चांगलं काम आहे. कापड, औषधं, छपाई, पाणीपुरवठा, इस्पितळं, सगळीकडे लागतं. तुमचं कौशल्य एकाच बनावटीच्या यंत्रात अडकलेलं नसेल तर मोजणीत हे शेजारचे उद्योगही धरा.

दुसऱ्या कमावत्या माणसाची मोजणीही अशीच करा, वेगळी. "घरून चालेल" हे तोंडी असेल तर त्याची किंमत शून्य धरा. लेखी घेताना चार गोष्टी हव्यात: कामाचं ठिकाण म्हणून नव्या शहराचं नाव, वर्षातून किती दिवस कार्यालयात यावं लागेल, त्या प्रवासाचा खर्च कोणाचा, आणि धोरण बदललं तर किती महिन्यांची पूर्वसूचना. चौथं कलम बहुतेक जण मागतच नाहीत. घरून कामाची परवानगी काढून घेतली जाते तेव्हा सहसा महिना-दोन महिने मिळतात. शाळेचं वर्ष अर्ध्यात असतं आणि भाडेकरार चालू असतो. सहा महिने मागा, तीनवर या.

---

कॅथलॅब

वडिलांबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून थोडक्यात.

"शहरात मोठं इस्पितळ आहे का" असं विचारलं तर उत्तर हो येणार. विचारायचं ते असं: "हृदयविकाराचा झटका आलेला माणूस रात्री दोन वाजता आणला तर अँजिओप्लास्टी तुमच्याकडेच होते की पुढे पाठवता?" मग पुढचे प्रश्न. कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टी करायची यंत्रसज्ज खोली, एक की दोन? एकच असेल तर मशीन बंद पडल्यावर रुग्ण कुठे जातो? रात्रपाळीला बोलावता येणारे हृदयरोगतज्ज्ञ किती? एकच असतील तर ते गावाला गेल्यावर काय? मध्यम शहरात पाटी असते, यंत्र असतं आणि तज्ज्ञ आठवड्यातून दोन दिवस येतात, असं असू शकतं.

वेळेचं गणित असं आहे. मोठ्या झटक्याचं निदान झाल्यापासून १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी होण्यासारखी असेल तर ती पसंत केली जाते. तितक्यात शक्य नसेल तर गुठळी विरघळवणारं औषध देऊन पुढे नेतात. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. म्हणून सीटी रात्री चालू असतो का, तेही विचारा.

घर निवडताना या इस्पितळापासूनचं अंतर सकाळी ९ ला आणि संध्याकाळी ७ ला गाडीने प्रत्यक्ष मोजा. रिकाम्या रस्त्यावरची वेळ धरू नका. आणि निघण्यापूर्वी जुन्या इस्पितळातून अँजिओग्राफीची चित्रफीत, बसवलेल्या स्टेंटचं कार्ड आणि चालू औषधांची यादी मूळ स्वरूपात घ्या. नुसत्या निकालाच्या कागदावर नव्या डॉक्टरला आधीची नळी कुठे, कशी बंद होती ते दिसत नाही.

---

दोनमनी

मनापासून आभार. 'ज-स-न' करून पाहिलं. भाडं सोडून 'ज' फक्त ११ निघालं. दुसऱ्या वाहनाचा विचारही आम्ही केला नव्हता. मालक मोजतोय. सहा आठवड्यांत १० दिवसांची रजा काढता येईल. ते दिवस कसे वापरावेत?

---

पडताळा

दहा दिवस पुरतात, पण पर्यटकासारखे घालवले तर फुकट जातात. हॉटेलात राहू नका. ज्या भागात भाड्याने घ्यायचा विचार आहे तिथेच खोली किंवा सदनिका घ्या. दहांतले निदान सात दिवस सलग आणि कामाचे असू द्या. निवड हातात असेल तर त्या शहराच्या सगळ्यात वाईट ऋतूत जा. चांगल्या हवेत प्रत्येक शहर मानवतं.

प्रवास. नोकरीच्या ठिकाणी खऱ्या वेळेला तीन वेगवेगळ्या दिवशी जा आणि या. मनात सरासरी धरू नका, सगळ्यात वाईट दिवसाची वेळ लिहा. इटालियन भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केट्टी यांनी १९९४ मध्ये मांडलं की माणूस कुठेही राहिला तरी रोजचा प्रवास जाऊन-येऊन तासाभराच्या आसपास ठेवतो. मध्यम शहरात येऊन हा तास दीड तास होत असेल, शाळेची सोड-आण धरून, तर तिथे जाण्याचं एक मोठं कारणच गळून पडलं.

पाणी. इथे वेळ घालवा, कारण हे करारानंतर बदलता येत नाही. १० लिटरची बादली, मोबाइलवर घड्याळ, सकाळी सातच्या सुमारास, सगळ्यांचे नळ चालू असताना. बादली मिनिटात भरली तर उत्तम. दोन मिनिटांच्या वर गेली तर न्हाणीघर आणि स्वयंपाकघर एकाच वेळी चालणार नाही. आता नळाच्या तोंडाची बारीक जाळी फिरवून काढा, बहुतेक नळांना ती निघते. आत पांढरे कण चिकटलेले दिसतील. त्यावर लिंबाचा थेंब टाका. बारीक बुडबुडे आले तर तो चुनखडीचा थर, म्हणजे पाणी जड आहे. दर लिटरला १८० मिलिग्रॅमच्या वर कडकपणा, म्हणजे हाच जडपणा, असेल तर ते अति जड पाणी. गिझरच्या कॉइलवर थर चढतो, तापायला वेळ आणि वीज जास्त लागते, धुलाईयंत्र लवकर थकतं.

यात एक चूक सर्रास होते. लोक टीडीएस मीटर बुडवून पाणी जड की मऊ ते ठरवतात. ते यंत्र पाण्यातून वीज किती वाहते यावरून सगळ्या विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. मीठ आणि चुना त्याला सारखेच. मऊ केलेल्या पाण्याचाही आकडा मोठा येऊ शकतो. कडकपणासाठी त्याच्याच चाचणीपट्ट्या मिळतात, त्या वापरा.

भिंती. पलंगाच्या डोक्याशी, कपाटामागे, बाहेरच्या भिंतीला आतून तळहात लावा. जमिनीपासून गुडघा ते मांडीच्या उंचीपर्यंत लोणा, फुगलेला रंग किंवा आडवी डागाची रेघ असेल तर ओल खालून वर चढते आहे. फक्त तेवढ्याच पट्ट्याला ताजा रंग असेल तर घरमालकाला कारण विचारा.

पूर. नदीकाठचं शहर असेल तर "शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर" या शब्दांनी निर्धास्त होऊ नका. त्याचा अर्थ दर वर्षी १ टक्का शक्यता. १० वर्षांत ती जवळजवळ १० टक्के होते, ३० वर्षांत २६ टक्के. वस्तीत खुणा शोधा: विजेचे मीटर छातीच्या वर का बसवलेत, जुन्या दुकानांचे उंबरे का उचललेत, तळमजले रिकामे का.

हवा आणि आवाज. शहर लहान म्हणून हवा चांगली असं नसतं. दरीतलं शहर असेल तर थंडीत धूर खाली दबून राहतो. वर्षाची सरासरी पाहू नका, महिन्यांचे आकडे पाहा. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस पीएम २.५ साठी, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांसाठी, वर्षाला सरासरी घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅम आणि २४ तासांसाठी १५ अशी आहे. मोजणारं केंद्र एकच असेल तर ते बागेत आहे की चौकात, तेही पाहा. आवाजासाठी रात्री ११ ला आणि पहाटे ५ ला खिडकी उघडी ठेवून झोपायच्या खोलीत बसा. रस्त्याच्या रहदारीसाठी रात्रीची शिफारस घराबाहेर ४५ डेसिबलच्या खालची आहे. फोनचं मोजमाप काही डेसिबल चुकतं, पण दोन घरांची तुलना करायला चालतं.

इंटरनेट. कामाच्या वेळेत आणि रात्री ८ ते १०, दोन्ही वेळा मोजा, आणि अपलोडचा आकडा बघा. एका व्हिडिओ कॉलला ३ ते ४ एमबीपीएस अपलोड धरा, त्याच्या तिप्पट हाताशी असावं. त्या इमारतीत दोन वेगळ्या कंपन्यांच्या वाहिन्या येतात का ते विचारा. एकाच खांबावरून येणाऱ्या दोन वाहिन्या एकाच खोदकामात तुटतात.

उरलेल्या वेळात सहा माणसांशी बोला. तीन बाहेरून येऊन दोन वर्षांहून जास्त टिकलेली, तीन येऊन परत गेलेली. परत गेलेली शोधायला कष्ट पडतात, पण खरी माहिती त्यांच्याकडेच असते. स्थलांतराचा अभ्यास करणाऱ्या रॅव्हेनस्टाइन यांनी १८८५ मध्येच नोंदवलं होतं की प्रत्येक मोठ्या ओघाला एक उलटा ओघ असतो. त्या उलट्या ओघातल्या माणसांना दोनच गोष्टी विचारा: किती महिन्यांनी परत गेलात, आणि जायचं ठरवलं त्या आठवड्यात नेमकं काय झालं होतं.

---

किल्ली

विकत घेऊ नका. निदान पहिले १२ महिने तरी नाही.

घेण्या-विकण्याचा खर्च (कर, नोंदणी, दलाली, दुरुस्ती) दोन्ही मिळून समजा किमतीच्या ९ टक्के झाला आणि भाव वर्षाला ३ टक्क्यांनी चढले, तर फक्त तो खर्च निघायला ३ वर्षं लागतात, तेही कर्जाचं व्याज न धरता. शिवाय मध्यम शहरात गिऱ्हाईक विरळ. त्या भागात तुमच्यासारखी किती घरं विक्रीला उभी आहेत आणि गेल्या वर्षात महिन्याला सरासरी किती विकली गेली ते काढा. पहिल्याला दुसऱ्याने भागा. सहा महिन्यांच्या आसपास उत्तर आलं तर बाजार समतोल. २४ घरं उभी आणि महिन्याला एक विकलं जातं, म्हणजे दोन वर्षांचा साठा. अशा ठिकाणी घर लवकर विकायचं झालं तर भाव पाडूनच विकावं लागतं.

वर मालक मोजायला सांगितलंय त्याच्याशी हे जोडून पाहा. शहर एका कारखान्यावर उभं असेल तर नोकरी जाते त्याच काळात घरांचे भावही उतरतात. पगार आणि पुंजी एकाच खुंटीला टांगू नये.

भाडेकरारात दोन महिन्यांच्या सूचनेवर सोडायची मुभा लिहून घ्या, पहिल्या दिवसापासून लागू होणारी. तेवढ्यासाठी भाडं थोडं जास्त पडलं तरी द्या.

---

हिशेबवही

'ज' ११ असेल तर २० टक्के स्वस्ताईने २ वाचतात. म्हणजे साधारण ४ उघडे, त्यात दुसरं वाहन अजून धरलेलंच नाही. पैशाच्या बाजूने ही बदली उभी राहत नाही. कंपनी हलण्याचा खर्च देणार असेल तर कलम वाचा: बहुधा वर्ष-दोन वर्षांत सोडलं तर परतफेड मागतात. ती दर महिन्याला घटत जाणारी करून घ्या, आणि कंपनीनेच काढून टाकलं तर परतफेड नाही, हे शब्द आत हवेत.

---

पाटीदप्तर

मुलीबद्दल. शाळा बदलायची तर वर्षाच्या सुरुवातीलाच. मध्येच बदलली की अडचण भाषेत कमी, गणितात जास्त येते. एका शाळेत अपूर्णांक झालेले असतात आणि दुसरीत पुढच्या महिन्यात असतात, किंवा उलट, आणि मग तो धडा मुलाच्या आयुष्यातून निसटतो. दोन्ही शाळांकडून गणिताच्या धड्यांचा महिनावार क्रम मागवा, शेजारी ठेवा, निसटणारे धडे सुटीत घरी घ्या. प्रवेश लेखी हातात आल्याशिवाय भाडेकरारावर सही करू नका. शाळा ठरली की घर ठरतं.

नऊ वर्षांच्या मुलांना मित्र लवकर मिळतात. मोठ्यांना वेळ लागतो, आणि तो किती हे मोजलेलं आहे. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांच्या २०१८ च्या अभ्यासात ओळखीची सैल मैत्री व्हायला साधारण ५० तास एकत्र जावे लागतात, मैत्री म्हणण्याजोगं नातं व्हायला ९०, आणि जवळचा मित्र व्हायला २०० च्या वर. कामावर सोबत घालवलेले तास तितकेसे धरले जात नाहीत. आठवड्याला दोन तास भेट झाली तर ९० तासांना ४५ आठवडे. म्हणून तिसऱ्या महिन्यात "इथे आपलं कोणी नाही" असं वाटलं तर त्यावरून शहराचा निकाल लावू नये. आणि पहिल्याच पंधरवड्यात आठवड्याला ठरलेल्या वारी, त्याच माणसांसोबत होणारं काहीतरी धरावं: गाणं, टेकडी चढणं, बॅडमिंटन, वाचनालय, काहीही. दर वेळी नव्या ठिकाणी गेलं की तास साठत नाहीत.

वडिलांचा विचार इथे वेगळा करा. त्यांचा रोजचा माणूस, म्हणजे ज्याच्यासोबत ते फिरायला जातात तो, जुन्या शहरातच राहणार आहे. चालत जाण्याच्या अंतरात बाक असलेली बाग, सपाट पदपथ आणि त्यांच्या वयाची माणसं ठरलेल्या वेळी जमतात अशी जागा आहे का, ते त्या दहा दिवसांत त्यांनाच सोबत नेऊन पाहा. जमल्यास निर्णयाआधी त्यांना तिथे पाच दिवस सलग राहू द्या.

---

दोनमनी

दहा दिवस झाले. जे सापडलं ते लिहितो.

मालक सहा निघाले, त्यातले तीन एकाच कारखान्याचे पुरवठादार. राहिलेले तीन वेगवेगळे: औषधनिर्मिती, छपाई, पाणीपुरवठा. म्हणजे चार धरावेत. इस्पितळात कॅथलॅब एक, रात्रीचे तज्ज्ञ दोन, सुटीत एकमेकांची जागा घेतात. मशीन बंद असेल तर ७० मिनिटांवरच्या शहरात पाठवतात. घर ते इस्पितळ संध्याकाळी १७ मिनिटं. प्रवास सगळ्यात वाईट दिवशी जाऊन-येऊन ४४ मिनिटं, आज तो दोन तास दहा मिनिटं आहे. पहिल्या घराचं पाणी फार जड, लिंबाने लगेच फेस आला. दुसऱ्या घरात ठीक. घरून कामाचं पत्र अजून मिळालेलं नाही. वडिलांना बाग आवडली, पण ते फार बोलले नाहीत.

एक कल्पना अशी आहे, की परिविक्षेचे (प्रोबेशनचे) सहा महिने एकट्यानेच जावं आणि बाकीच्यांनी मागून यावं?

---

दुसरीनोकरी

चार मालक, चांगली मोजणी. माझ्या दंडकाने सात-आठ महिन्यांचा खर्च हाताशी असेल तर जाण्यासारखं आहे.

सहा महिने एकट्याने मात्र नको. दोन घरांची भाडी भरता भरता बचत उलटी होते, आणि एकटा माणूस जे शहर बघतो ते कुटुंबाचं नसतं. तो उशिरापर्यंत काम करतो, सुटीला परत येतो, आणि सहा महिन्यांनीही त्याला शाळेची वाट आणि इस्पितळ माहीत नसतं. सहा ते आठ आठवडे ठीक आहेत. निघतानाच बाकीच्यांची तारीख ठरवा आणि ती शाळेच्या वर्षाला जुळवा. परिविक्षेचा धोका दुसऱ्या वाटेने कमी करा: वरच्या हुद्द्यासाठी घेत असतील तर परिविक्षा तीन महिन्यांवर आणायला सांगा, किंवा त्या काळातही नोटिशीची मुदत दोन महिने ठेवायला सांगा. कंपन्या पगारावर अडतात, यावर सहसा अडत नाहीत.

---

हिशेबवही

रोजचे ८६ मिनिटं वाचतात हे आता दिसलं. महिन्याला २२ दिवस धरले तर ३१ तासांच्या वर. पैशाचे ४ उघडे आहेत, त्याच्या बदल्यात हे तास मिळतात. तुमच्या घराला ते परवडतं का, हे आता मोकळेपणी ठरवता येईल. फक्त घरून कामाचं पत्र हातात पडेपर्यंत ते उत्पन्न शून्य धरून एक हिशेब करून ठेवा. त्या हिशेबातही घर सहा महिने चालत असेल तरच पत्राशिवाय होकार द्या. नाहीतर नव्या कंपनीकडे तीन आठवडे वाढवून मागा आणि ते पत्रासाठीच मागतोय हे स्पष्ट सांगा.

---

कॅथलॅब

१७ मिनिटं आणि दोन तज्ज्ञ, हे बरं आहे. ७० मिनिटांच्या त्या रस्त्यावर हृदयरुग्णाला नेणारी, मॉनिटर आणि डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) असलेली रुग्णवाहिका कोणाकडे आहे आणि रात्री तिला चालक असतो का, एवढं अजून विचारा. क्रमांक फ्रिजच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावा.

आणि वडील फार बोलले नाहीत असं लिहिलंत. त्यांना एकट्याने, मुलगी आणि बाकीचे घरात नसताना, एकदा विचारा. सगळ्यांसमोर ते "तुम्ही ठरवाल तसं" असंच म्हणतील.